तेरा गाणी, तेरा सोंगे

'शिअर हार्ट अटॅक' हा क्वीन या ब्रिटिश बँडचा तिसरा अल्बम. तो ८ नोव्हेंबर १९७४ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आला. तबकडीच्या दोन बाजूंवर मिळून तेरा गाणी आहेत आणि ती सगळी चाळीस मिनिटांच्या आत संपतात. तेवढ्या वेळात समुद्रकाठची जत्रा भरते, उंची राहणीची एक गणिका दिसून जाते, भाड्याच्या खोलीतला तरुण शेजाऱ्यांची झोप उडवतो, कोणी कोणाला दातओठ खाऊन शिव्याशाप देतो, कोणी अंगाई म्हणतो आणि शिकागोचा एक गुंड स्वप्नात येतो. संगीताचे प्रकारही तितकेच आहेत: हार्ड रॉक, पियानोवरचे हळवे गीत, कॅरिबियन बेटांची आठवण देणारी हलकी चाल, जुन्या विनोदी रंगमंचावरचे गाणे आणि पुढे ज्याला थ्रॅश मेटल म्हटले गेले त्याची चाहूल.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही भेळ वाटते. पुन्हा ऐकताना तिच्यातली मांडणी दिसू लागते, आणि त्या मांडणीसाठी मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे: सोंग. सोंग म्हणजे बतावणी हा त्या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ. दुसऱ्याचा वेष अंगावर घेऊन, दुसऱ्याच्या तोंडून स्वतःचे म्हणणे मांडणे हा त्याचा लोककलेतला अर्थ. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, बहिरा, मुका असे एकेक पात्र बोलते आणि ऐकणाऱ्याला बोलविता धनी ठाऊक असतो. उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितात सोंगे एकामागून एक येतात, आपापले गाणे म्हणून जातात आणि शेवटी देवाकडे मागणे मागितले जाते. 'शिअर हार्ट अटॅक'ची घडण या लळितासारखी आहे. प्रत्येक गाणे एक सोंग घेऊन येते, दोन-तीन मिनिटांत आपले काम करते आणि पुढच्याला जागा देते.

हे सोंग ज्या लाटेतून आले तिला ग्लॅम रॉक म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीतात साधेपणाला फार मान होता. जीन्स घातलेले वादक मान खाली घालून लांबच लांब वादन करीत आणि वेषभूषेचा विचार करणे उथळपणाचे मानले जाई. मार्च १९७१मध्ये टी. रेक्स या बँडचा मार्क बोलन बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात गालांवर चमकी लावून आला आणि वारे फिरले. पुढच्या वर्षी, जून १९७२मध्ये, डेव्हिड बोवीने 'झिगी स्टारडस्ट' नावाचे एक पात्रच निर्माण केले. तो त्या पात्राच्या नावाने आणि त्याच पात्राच्या लाल केसांनी गाऊ लागला. स्लेड, स्वीट, रॉक्सी म्युझिक, मॉट द हूपल ही त्याच काळातली आणखी काही नावे. साटीनचे कपडे, जाड टाचांचे बूट, डोळ्यांत काजळ आणि स्त्री-पुरुष भेद पुसणारी वेषभूषा ही ग्लॅमची बाहेरची खूण. गायकाने 'मी' म्हणून गायलाच हवे असे नाही, तो कोणीही होऊन गाऊ शकतो, ही त्याची आतली भूमिका.

महाराष्ट्राला हे दृश्य परके वाटू नये. कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्री उतरला की दशावताराचा मुलूख लागतो आणि तिथे स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच रंगवत आले आहेत. कोल्हापूरचे केशवराव भोसले यांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या. बालगंधर्वांच्या शालूची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. दुसऱ्या टोकाला तमाशातला नाच्या आहे, ज्याच्या बायकी हावभावांवर प्रेक्षक हसतात. ग्लॅमचा गायक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा होता. तो बालगंधर्वांसारखा पूर्ण स्त्री होत नव्हता आणि नाच्यासारखा हशाही मागत नव्हता. काजळ लावूनही तो स्वतःच्या नावाने उभा राहत होता आणि 'हा नेमका कोण?' हा प्रश्न प्रेक्षकांवर सोडून देत होता.

क्वीनमध्ये हा प्रश्न ज्याच्या भोवती फिरत राहिला त्याचे बालपण महाराष्ट्रात गेले. कोल्हापूरहून कराड, सातारा, वाई करीत पसरणीचा घाट चढला की पाचगणी येते. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. घाटमाथ्यावरच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात १९५०च्या दशकाच्या मध्यावर झांझिबारहून आलेला आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. त्याचे नाव फारोख बलसारा; जन्म ५ सप्टेंबर १९४६. घराण्याचे मूळ गुजरातेतले बलसार, म्हणजे आजचे वलसाड. वडील बोमी बलसारा झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. पाचगणीत त्याचा 'फ्रेडी' झाला. तिथेच तो पियानो शिकला आणि १९५८मध्ये शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. ही मुले लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. त्याच्या त्या वयातल्या आवडींत लता मंगेशकरांच्या गाण्यांचाही उल्लेख चरित्रांतून येतो.

१९६४च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टम येथे गेले. फ्रेडीने ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. तिथल्या गाळ्यावर त्याच्या जोडीला ड्रमवादक रॉजर टेलर असे. १९७०मध्ये ब्रायन मे आणि टेलर यांच्याबरोबर त्याने क्वीन सुरू केला, त्या बँडचे बोधचिन्ह स्वतः रेखाटले आणि आपले आडनाव मर्क्युरी असे केले. फारोखचा फ्रेडी आणि बलसाराचा मर्क्युरी होईपर्यंत पात्र बदलण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली होती.

उरलेले तिघेही रॉकच्या रूढ साच्यातले नव्हते. ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी होता. त्याने १९६३पासून वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घरीच घडवली. तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते आणि प्लास्टिकच्या नखीऐवजी तो सहा पेन्सच्या नाण्याने तारा छेडतो. टेलर दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून आलेला, तर १९७१मध्ये आलेला बास गिटारवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. या अल्बमचे वेगळेपण असे की त्यात चौघांनीही गाणी लिहिली. डीकनचे लेखन इथेच पहिल्यांदा आले.

अल्बम घडला तो अडचणीत. मार्च १९७४मध्ये दुसरा अल्बम निघाला, 'सेव्हन सीज ऑफ राय' हे गाणे गाजले आणि क्वीन मॉट द हूपलच्या जोडीने अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. मुख्य कार्यक्रम मॉटचा. क्वीनला आधी थोडा वेळ मिळे. दौरा अर्ध्यावर असताना ब्रायन मे याला कावीळ झाली आणि सगळे मायदेशी परतले. तो सावरतो न सावरतो तोच आतड्याच्या अल्सरने त्याला पुन्हा रुग्णालयात नेले. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चाललेल्या रेकॉर्डिंगचा बराच भाग त्यामुळे तिघांनीच उरकला. गिटारसाठी ध्वनिफितीवर जागा मोकळ्या ठेवल्या गेल्या आणि मेने परत येऊन त्या भरल्या. पैशाचीही ओढ होतीच. ट्रायडेंट या कंपनीशी केलेल्या करारामुळे गाणी गाजली तरी चौघे आठवड्याच्या बेताच्या पगारावरच होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण मंचावर साटीन आणि फर मिरवणाऱ्या या चौघांना तंतोतंत लागू पडत होती.

निर्मिती क्वीन आणि रॉय थॉमस बेकर यांची, ध्वनिमुद्रण अभियंता माइक स्टोन. काम ट्रायडेंट, एअर, वेसेक्स आणि वेल्समधल्या रॉकफील्ड अशा चार स्टुडिओंत झाले. तंत्राचा गाभा समजला तर पुढचे ऐकणे सोपे होते. चुंबकीय फितीवर अनेक समांतर पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळा आवाज नोंदवता येतो. मर्क्युरी, मे आणि टेलर तिघे एकत्र एक ओळ गात, तीच ओळ पुन्हा गात, मग तिच्या वरच्या आणि खालच्या सुरांच्या ओळी गात. हे थर एकत्र केले की तीन गळ्यांतून मोठा वाद्यवृंदासारखा गायकवर्ग उभा राही. मर्क्युरीचा भरीव मध्य, टेलरची टोकदार वरची पट्टी आणि मेचा मऊ खालचा सूर असे हे मिश्रण आहे. मेने गिटारही याच पद्धतीने थरांत वाजवली. त्यामुळे एकच वाद्य कधी सनईच्या ताफ्यासारखे, कधी घंटांसारखे वाजते.

पहिल्या बाजूची सुरुवात 'ब्रायटन रॉक'ने होते. आधी जत्रेतले आवाज येतात आणि कोणीतरी ब्रिटनमध्ये सर्वांना ठाऊक असलेल्या एका समुद्रकाठच्या गाण्याची शीळ घालतो. दुसऱ्या अल्बमच्या शेवटी समूहाने म्हटलेले गाणे तेच होते, म्हणजे जिथे मागचा प्रयोग संपला तिथूनच हा सुरू होतो. गाण्यात सुट्टीवर भेटलेल्या दोन प्रेमिकांची गोष्ट आहे आणि दोन्ही पात्रे मर्क्युरी एकटाच गातो: स्त्रीची ओळ चोरट्या उंच आवाजात, पुरुषाची खालच्या पट्टीत. मध्ये मेचे दीर्घ गिटारवादन आहे. त्यात वाजवलेला सूर यंत्राच्या साहाय्याने ठरावीक अंतराने परत येतो, त्या परतलेल्या सुराशी मे पुढचा सूर जुळवतो, आणि एकट्याचीच जुगलबंदी रंगते. पाच मिनिटांचे हे गाणे अल्बममधले सर्वांत लांब. पुढची सगळी गाणी याहून आखूड आहेत.

दुसरे 'किलर क्वीन'. मर्क्युरीने लिहिलेले हे एका उंची गणिकेचे शब्दचित्र आहे. गायक इथे सूत्रधार होतो. तो तिच्या सवयी, तिची खाण्यापिण्यातली नजाकत चवीने सांगतो, तिला दोष देत नाही आणि तिची कीवही करीत नाही. साथीला चुटक्या आहेत, मोठ्या पियानोबरोबर जुन्या गुत्त्यातल्यासारखा किणकिणणारा उभा पियानो आहे, आणि गिटारचे थर दागिन्यांसारखे मोजके घातले आहेत. ११ ऑक्टोबर १९७४ रोजी सुट्या तबकडीवर प्रसिद्ध झालेले हे गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकावर पोचले. मर्क्युरीला गीतलेखनासाठीचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो या गाण्यासाठी.

त्यानंतरची तीन गाणी मध्ये न थांबता एकमेकांत मिसळतात. 'टेनेमेंट फनस्टर' टेलरने लिहिले आणि गायले आहे. त्यात बूट, गाडी आणि मोठ्या आवाजातले संगीत यांची हौस असलेला चाळीतला पोरगा बोलतो. त्याच्या शेवटच्या सुरातूनच 'फ्लिक ऑफ द रिस्ट' उसळते. हे कलावंताला पिळून घेणाऱ्या धनकोचे सोंग आहे आणि मर्क्युरीने ते एकाच वेळी दोन पट्ट्यांत गाऊन अंगावर आणले आहे. राग शिगेला पोचला की 'लिली ऑफ द व्हॅली' हे पावणेदोन मिनिटांचे शांत पियानोगीत येते. टवाळी, संताप आणि शरणागती अशी ही भावांची चढउतार आहे. ती सलग ऐकली तरच कळते. तिन्ही गाणी सुटी ऐकली तर हाती फार थोडे लागते.

बाजूचा शेवट 'नाऊ आयम हिअर'ने होतो. मेने ते रुग्णालयात लिहिले. विषय अमेरिकेचा अर्धवट राहिलेला दौरा आणि मॉट द हूपलची सोबत. आवाज एका कानातून दुसऱ्या कानात उडी मारतो. मंचावर याच कल्पनेची गंमत केली जाई: अंधारात एका बाजूला मर्क्युरी दिसे, आणि क्षणात दुसऱ्या बाजूला तसाच वेष केलेला दुसरा माणूस. सोंगाचेही सोंग म्हणावे असा हा प्रकार होता.

दुसरी बाजू 'इन द लॅप ऑफ द गॉड्स'ने उघडते. सुरुवातीच्या किंकाळ्या यंत्राच्या वाटतात, पण त्या टेलरच्या गळ्यातून निघाल्या आहेत. उलट मर्क्युरीचा मुख्य आवाज फितीचा वेग बदलून जड आणि संथ केला आहे. लगेच 'स्टोन कोल्ड क्रेझी' येते. दोन मिनिटांच्या आसपासचे हे भरधाव गाणे चौघांच्या नावावर नोंदलेले क्वीनचे पहिले गाणे. मेटॅलिकाने १९९०मध्ये ते पुन्हा गायले आणि त्या आवृत्तीला ग्रॅमी मिळाले. यानंतर मेचे 'डिअर फ्रेंड्स', जेमतेम एका मिनिटाचे; डीकनचे 'मिसफायर', ज्यात गिटारही बहुतेक त्यानेच वाजवली; आणि 'ब्रिंग बॅक दॅट लिरॉय ब्राउन', ज्यात मे युकुलेली-बँजो घेतो आणि डीकन उभे मोठे डबल बास. या शेवटच्या गाण्यात अमेरिकी गायक जिम क्रोचीच्या एका प्रसिद्ध पात्राला गमतीने हाक मारली आहे. 'शी मेक्स मी' मे स्वतः गातो. गाणे प्रेमाचे म्हणून सुरू होते आणि शहरातले भोंगे व जड श्वास यांत बुडून जाते.

तेरावे गाणे म्हणजे 'इन द लॅप ऑफ द गॉड्स... रिव्हिजिटेड'. नावात पुनर्भेट आहे, पण बाजूच्या आरंभीच्या गाण्याची चाल त्यात परत येत नाही. परत येते ती कल्पना. सुरुवातीला किंकाळी आणि चमत्कार होता. इथे संथ, डुलणारे ध्रुवपद आहे, कोणालाही सहज म्हणता येईल असे. लळिताच्या शेवटी सोंगे उतरतात आणि मागणे सगळ्यांचे होते, तसे इथे गायकाचे गाणे श्रोत्यांचे होते. शेवटी स्फोटाचा आवाज होऊन तबकडी थांबते. १९७७मध्ये जगभर पोचलेल्या 'वुई आर द चॅम्पियन्स'ची बीजे या ध्रुवपदात सापडतात.

इतके प्रकार एकत्र येऊनही अल्बम विस्कटत नाही. गाणी आखूड आहेत, म्हणून एकही सोंग पाहुण्यासारखे रेंगाळत नाही. तीन गळ्यांचा तोच गायकवर्ग अंगाईपासून शिव्याशापांपर्यंत सर्वत्र येतो आणि ऐकणाऱ्याला ओळखीचा सूर सापडत राहतो. क्रमही विचाराने लावलेला आहे: दणक्यानंतर कुजबुज, कुजबुजीनंतर हसू. मराठी संगीत नाटकाने शास्त्रीय चिजा, ठुमरी, लावणी आणि कर्नाटकी चाली एकाच रात्री एकाच रंगमंचावर नांदवल्या आणि त्यांना बांधून ठेवले ते नटाच्या गळ्याने. दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध जोडण्याची गरज नाही, पण विविधतेला शिस्त लावण्याची रीत दोन्हींकडे एकच आहे.

मुखपृष्ठाचे छायाचित्र मिक रॉक यांनी काढले. बोवीची गाजलेली छायाचित्रेही त्यांचीच. चौघे जमिनीवर अस्ताव्यस्त पडले आहेत, अंगावर व्हॅसलिन आणि पाण्याचे थेंब. एखाद्या बेटावर वाहून आलेल्यांसारखे. झगमगाटाच्या लाटेने किनाऱ्यावर आणून टाकलेली माणसे असे हे चित्र ग्लॅमच्या उतरत्या काळाला शोभणारे होते. शीर्षकाचीही एक गंमत आहे. 'शिअर हार्ट अटॅक' नावाचे गाणे या अल्बममध्ये नाहीच. टेलरचे ते गाणे तेव्हा अपुरे होते आणि १९७७च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये आले.

अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला. क्वीनचे नाव ब्रिटनबाहेर पक्के झाले ते इथून. एप्रिल १९७५मध्ये बँड जपानला गेला तेव्हा टोकियोच्या विमानतळावर चाहत्यांची झुंबड उडाली. त्याच वर्षी 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आले, आणि त्या गाण्याच्या उजेडात आधीचा अल्बम काहीसा झाकला गेला. पण थर देऊन उभा केलेला गायकवर्ग, न थांबता एकमेकांत शिरणारे भाव आणि रंगमंचाचे भान हे सगळे आधी इथे कसाला लागले होते.

म्हणून वाचकाला एवढेच सांगणे: ही तेरा गाणी क्रमाने, एका बैठकीत आणि शक्यतो दोन्ही कानांना वेगळा आवाज देणाऱ्या साधनावर ऐकावीत. मोबाईलमधली गाण्यांची सरमिसळ तेवढा वेळ बंद ठेवावी. अल्बमच्या शेवटच्या गाण्याने पुनर्भेटीचा शब्द पाळला आहे. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थच्या मैदानावर मर्क्युरीने क्वीनबरोबर शेवटचा कार्यक्रम केला, आणि बारा वर्षांपूर्वीचे हे गाणे त्या दिवशीही गायले गेले.